गुर्द्याची चरबी, पाठीची चरबी: मेंढीच्या चरबी-पेशींवर जनुकांचा ताबा कसा चालतो, ते स्वतः करून पाहण्याची रीत

सकाळचे पावणेसहा. तालुक्याच्या गावातल्या कत्तलखान्यात ओट्यावर पाणी मारून झालेलं असतं आणि चाचांच्या सुरीखाली दिवसाचं पहिलं मेंढरू असतं. पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा मी नुसतं म्हणाले, "चाचा, थोडी चरबी हवी होती, प्रयोगासाठी." त्यांनी सुरी थांबवली. "कोणती चरबी, मॅडम? गुर्द्याची, पाठीची, का आतड्यावरची जाळी?" मग गुर्द्याभोवतीचा एक तुकडा माझ्या हातमोज्यावर ठेवून म्हणाले, "दाबून बघा." दाबला, तर ओल्या खडूसारखा त्याचा चुरा झाला. पाठीवरच्या कातडीखालचा तुकडा दाबला, तर तो बोटांना चिकटून पसरला.

तीन वर्षं या विषयावर काम केल्यावरही मला वाटतं, निम्मा विषय चाचांच्या त्या प्रश्नात होता. मेंढी एकच. तिच्या प्रत्येक पेशीत तीच ५४ गुणसूत्रं, तीच जनुकं. तरीही एका जागची चरबी कडक आणि दुसऱ्या जागची मऊ. गुर्द्याच्या चरबीत स्टिअरिक आम्लासारखी संपृक्त मेदाम्लं जास्त असतात, म्हणून ती गार होताच घट्ट होते. पाठीच्या चरबीत एससीडी नावाचं जनुक जास्त जोरात चालतं. त्यापासून बनणारं विकर स्टिअरिक आम्लात एक दुहेरी बंध घालून त्याचं ओलेइक आम्ल करतं, आणि चरबी मऊ राहते. जनुक दोन्हीकडे आहे. फरक आहे तो ते कुठं, कधी आणि किती चालू आहे याचा.

हा लेख पशुवैद्यकीय किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे, विशेषतः परभणी, उदगीर, लातूर, संभाजीनगर अशा ठिकाणी, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांची चैन नसताना काम करणाऱ्यांसाठी. दख्खनी मेंढीच्या चरबीतून पूर्वपेशी काढायच्या, त्यांना चरबी-पेशी व्हायला लावायचं आणि वाटेत कोणतं जनुक कधी बोलतं ते मोजायचं, हा सगळा प्रवास इथे मांडते आहे.

हात लावण्याआधी: पेशीचं वेळापत्रक

चरबी-पेशी एका फटक्यात तयार होत नाही. सुरुवात होते ती अनेक प्रकारची होऊ शकणाऱ्या मूळ पेशीपासून. हाड, स्नायू, चरबी, सगळे रस्ते तिला मोकळे असतात. बीएमपी-४ सारखे संकेत आणि झेडएफपी-४२३ हे जनुक तिला चरबीच्या रस्त्याला लावतात. आता ती पूर्वचरबी-पेशी झाली, पण दिसायला अजून साधीच, लांबट, चरबीचा थेंबही नसलेली. तिला तिथंच धरून ठेवणारी जनुकंही आहेत: डीएलके-१ (जुन्या लेखांत याचंच नाव प्रीफ-१), डब्ल्यूएनटी-१०बी, गाटा-२ आणि गाटा-३. ही मंडळी दारात उभी असेपर्यंत पेशी पुढं सरकत नाही.

योग्य संप्रेरकं मिळाली की काही तासांतच सी/ईबीपी-बीटा आणि सी/ईबीपी-डेल्टा वर येतात. हे दोघे फार काळ थांबत नाहीत. ते पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा यांना जागं करतात आणि स्वतः मागं पडतात. पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा मात्र एकमेकांना चालू ठेवतात, त्यामुळे एकदा ही जोडी जमली की पेशीला सहसा परतीची वाट उरत नाही. सगळ्यात शेवटी येतात प्रत्यक्ष कामकरी: मेदाम्लं वाहून नेणारं एफएबीपी-४, रक्तातली चरबी आत ओढणारं एलपीएल, नवी चरबी बनवणारं फॅसन, थेंबाला वेढून बसणारं पेरिलिपिन-१, आणि ॲडिपोनेक्टिन.

१९९४ साली टोंटोनोझ आणि स्पीगलमन यांनी दाखवलं की चरबीशी संबंध नसलेल्या तंतुपेशींत पीपीएआर-गॅमा-२ घातलं आणि ते उत्तेजित केलं, तर त्या पेशी चरबी साठवू लागतात. तेव्हापासून पीपीएआर-गॅमा या विषयाचा पाटील ठरला आहे. पण पाटलाला भेटायचं तर योग्य दिवशी जावं लागतं. ज्वारीच्या कोळपणीच्या दिवसांत कणसाचं वजन करून जसं काही हाती लागत नाही, तसंच आठव्या दिवशी सी/ईबीपी-बीटा मोजून काही कळत नाही. मी पहिल्या प्रयोगात नेमकं हेच केलं होतं. जनुक 'बदललंच नाही' असा निष्कर्ष काढून मोकळी झाले. ते वर जाऊन खाली उतरलंही होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

यातलं बरंच ज्ञान उंदरांच्या ३टी३-एल१ या पेशींवरून आलं आहे. मेंढीत मूळ चौकट तीच, पण दोन फरक लक्षात ठेवा. रवंथ करणाऱ्या जनावरांत चरबी मुख्यतः चरबीच्या ऊतीतच बनते, यकृतात नव्हे. आणि तिचा कच्चा माल ग्लुकोज नसून पोटात चारा आंबून तयार होणारं ॲसिटेट असतं. उंदरावरचा लेख समोर ठेवून ग्लुकोजच्या वाटेवरची जनुकं मोजत बसलात, तर मेंढीची मुख्य वाट तुमच्या हातून सुटेल.

पायरी पहिली: प्रश्न बारीक करा

'मेंढीतल्या चरबीवर जनुकांचा परिणाम' हा प्रश्न नाही, तो विषय आहे. प्रश्नात तीन गोष्टी हव्यातच: कुठली चरबी, किती वयाच्या जनावराची, आणि उत्तेजन (पेशीला चरबीच्या वाटेला लावणारं मिश्रण) दिल्यावर कितव्या दिवशी. उदाहरणार्थ, 'सहा महिन्यांच्या दख्खनी नराच्या कातडीखालच्या पूर्वपेशींत डीएलके-१ दाबलं, तर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी पीपीएआर-गॅमा वाढतं का?' एवढं ठरलं की नळ्या किती लागतील, पैसे किती लागतील, हे आपोआप ठरतं.

वय का महत्त्वाचं, ते कोकरात सगळ्यात छान दिसतं. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या गुर्द्याभोवतीची चरबी पांढरी नसते, ती तपकिरी असते. यूसीपी-१ या जनुकामुळे ती चरबी जाळून थेट उष्णता देते. जन्माच्या सुमारास हे जनुक ऐन भरात असतं आणि काही आठवड्यांत ते मावळतं. तीच चरबी मग पांढरी, साठवणीची होते. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा वाघरीत पहाटे जन्मलेलं ओलं कोकरू त्या तपकिरी चरबीवर तगतं. म्हणजे 'गुर्द्याची चरबी' असं लिहून वय लिहिलं नाही, तर दोन पूर्णपणे वेगळ्या ऊती एकाच नावाखाली जातात.

जागांचा क्रमही असतो. पोटातली आणि गुर्द्याची चरबी आधी भरते, मग स्नायूंच्या मधली आणि कातडीखालची, आणि स्नायूच्या आतली, मटणाला चव आणणारी चरबी सगळ्यात शेवटी. तुमच्या जनावराच्या वयाला कोणती जागा 'वाढती' आहे हे पाहून निवडा. वाढत्या जागेत पूर्वपेशी जास्त मिळतात.

पायरी दुसरी: ऊती आणणं

आधी कागद. कत्तलखान्यातली ऊती असली तरी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीला लेखी कळवा आणि उत्तर फाइलला लावा. जनुक दाबण्याचा प्रयोग करणार असाल तर जैवसुरक्षा समितीचीही परवानगी लागते. परीक्षक प्रबंध उघडतात तेव्हा पहिलं बोट इथंच पडतं.

बर्फाचा डबा, त्यात निर्जंतुक बाटल्यांत फॉस्फेट बफर आणि त्यात प्रतिजैविकं (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नेहमीच्या दुप्पट, शिवाय बुरशीसाठी ॲम्फोटेरिसिन). जागा आधी ७० टक्के अल्कोहोलने पुसा, लोकर बाजूला करा. मेंढीची लोकर म्हणजे बुरशीचं कोठार. ५ ते १० ग्रॅम पुष्कळ होतात. हातमोजे दुहेरी घाला. ब्रुसेल्ला या जिवाणूचा आजार मेंढरांकडून माणसाला होतो, आणि 'रोजचंच काम आहे' म्हणणाऱ्यांनाच तो गाठतो.

वेळेचं बंधन पाळा. दोन तासांत प्रयोगशाळेत. एका एप्रिलमध्ये मी दुचाकीवरून साठ किलोमीटर आले, बाहेर ४२ अंश, आणि डब्यातला बर्फ वाटेतच पाणी झाला होता. पेशी निघाल्या, पण निम्म्या मेलेल्या. तेव्हापासून गोठवलेल्या जेल-पिशव्या वापरते आणि उन्हाळ्यात पहाटेशिवाय ऊती आणत नाही.

दुसरा एक तुकडा, हरभऱ्याएवढा, तिथंच आरएनए (चालू जनुकाची पेशीत बनणारी नक्कल) टिकवणाऱ्या द्रावणात टाका. पुढं मूळ ऊतीतली जनुकं आणि प्लेटमधली जनुकं ताडून बघायची वेळ आली, तर हाच तुकडा उपयोगी पडतो. जनावराची जात, वय (दातांवरून काढलं असेल तर तसं लिहा), लिंग आणि पाठीवर हात फिरवून काढलेला १ ते ५ मधला शरीरमानाचा गुण वहीत नोंदवा. शेवटच्या बरगडीमागं कण्याची टोकं बोटांना टोचतात का, हे मेंढके पिढ्यान् पिढ्या बघत आलेले आहेत. तुम्ही फक्त त्याला आकडा द्यायचा.

पायरी तिसरी: पूर्वपेशी वेगळ्या काढणं

निर्जंतुक हवेच्या हूडखाली तुकडा बफरने तीन-चार वेळा धुवा, पाणी निवळ दिसेपर्यंत. रक्तवाहिन्या आणि पांढरे पडदे चिमट्याने काढा. मग कात्रीने इतका बारीक करा की खिमा लाजेल. इथं केलेला आळस पुढं सगळीकडे भोवतो.

कोलॅजिनेज, मिलीलिटरला १ मिलिग्रॅम, ३७ अंशांवर, हलत्या वॉटर बाथमध्ये ४५ ते ६० मिनिटं. दर दहा मिनिटांनी बघा. खिमा विरघळून गढूळ, जरा दाटसर द्रव झाला की थांबा. जास्त वेळ ठेवलं तर विकर पेशींनाही खातं. तेवढाच सीरमयुक्त मीडियम घालून विकराचं काम थांबवा, मग आधी १०० आणि नंतर ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा.

सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० ते ५०० जी वर दहा मिनिटं. वर पिवळसर थर तरंगतो, त्या तयार चरबी-पेशी. तळाला लालसर गोळा बसतो, त्यात आपल्या पूर्वपेशी. नवशिक्यांचा हात आपोआप वरच्या थराकडे जातो, कारण तो दिसतो. आपल्याला तळ हवा. लाल रक्तपेशी फोडणाऱ्या द्रावणात पाच मिनिटं ठेवून पुन्हा फिरवा, आणि डीएमईएम/एफ-१२ मीडियममध्ये, १० टक्के वासराचं सीरम घालून, फ्लास्कमध्ये सोडा. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. २४ तासांनी मीडियम बदला. जे चिकटले ते आपले, तरंगणारे धुऊन जाऊ द्या.

या गोळ्यात फक्त पूर्वपेशी नसतात. रक्तवाहिन्यांच्या पेशी, रक्षक पेशी, तंतुपेशी, सगळी जत्रा असते. पहिल्या दोन पिढ्यांत (एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेलं की एक पिढी) त्यातल्या बऱ्याच आपोआप गळतात.

पायरी चौथी: वाढवणं, आणि वेळेवर थांबणं

तळ ७०-८० टक्के भरला की ०.२५ टक्के ट्रिप्सिनने पेशी सोडवून पुढच्या फ्लास्कमध्ये घ्या. प्रयोग दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीतल्या पेशींवर करा. पेशी भरपूर हव्यात म्हणून मी एकदा सातव्या पिढीपर्यंत गेले. पेशी छान दिसत होत्या, एकसारख्या, निरोगी. फक्त चरबी धरायला तयार नव्हत्या. दोन महिने गेले. वाढत राहण्याच्या नादात पूर्वपेशी आपली वाट विसरतात.

उरलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या पेशी १० टक्के डीएमएसओ घालून गोठवा. मिनिटाला साधारण एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये. याबाबतीत मराठवाड्यात आपण नशीबवान आहोत. कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचा पुरवठा जिल्ह्या-तालुक्यापर्यंत पोचलेला आहे. विजेचं तसं म्हणता येत नाही. इनक्युबेटर इन्व्हर्टरवर हवाच, आणि वीज गेलेली वेळ वहीत लिहा. पावसाळ्यात इनक्युबेटरमधल्या पाण्याच्या ट्रेला दर आठवड्याला हात लावा. आमच्याकडे जुलैत बुरशी आली ती तिथूनच, आणि एकाच रात्रीत अकरा प्लेट गेल्या. पाणी साधं गाळलेलं चालत नाही. बोअरच्या जड पाण्याच्या प्रदेशात राहतो आपण, दुहेरी ऊर्ध्वपातित पाण्याशिवाय काहीही बनवू नका.

पायरी पाचवी: पेशीला चरबीच्या वाटेला लावणं

तळ पूर्ण भरू द्या आणि त्यानंतर आणखी दोन दिवस थांबा. हा झाला शून्य दिवस. आता उत्तेजक मिश्रण: आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर, डेक्सामिथासोन १ मायक्रोमोलर, इन्सुलिन मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅम. आयबीएमएक्स डीएमएसओत, डेक्सामिथासोन अल्कोहोलमध्ये आणि इन्सुलिन किंचित आम्ल केलेल्या पाण्यात विरघळवून साठा करा.

हे तिघं काय करतात ते कळलं की पुढं चूक शोधणं सोपं जातं. आयबीएमएक्स पेशीत सीएएमपी हा निरोप्या रेणू साठू देतं, त्यातून सी/ईबीपी-बीटा वर येतं. डेक्सामिथासोन सी/ईबीपी-डेल्टाला हाक मारतं. इन्सुलिन इतक्या मोठ्या मात्रेत पूर्वपेशीवरच्या आयजीएफ-१ च्या ग्राहीवर बसतं आणि वाढीचा संकेत देतं. म्हणजे वर सांगितलेल्या वेळापत्रकाची पहिली घंटा आपण बाहेरून वाजवतो. दोन ते तीन दिवसांनी हे मिश्रण काढा, पुढचे दोन दिवस फक्त इन्सुलिन, मग साधा मीडियम दर दोन दिवसांनी. शेजारी काही प्लेट उत्तेजनाशिवाय ठेवा. त्या नसतील तर पुढचं सगळं वाया.

मेंढीच्या पेशी या उंदरी मिश्रणाला बऱ्याचदा आळसानेच उत्तर देतात, म्हणून पुष्कळ जण त्यात रोझिग्लिटाझोन घालतात, १ मायक्रोमोलर. मीही घालते, पण डोळे उघडे ठेवून. रोझिग्लिटाझोन थेट पीपीएआर-गॅमावर बसून ते उत्तेजित करतं. तुमचा प्रश्न जर 'अमुक जनुक पीपीएआर-गॅमाच्या आधी काम करतं का' असा असेल, तर हे औषध घालून तुम्ही पाटलाला आधीच उठवून बसवलेलं आहे. मग त्याला कुणी उठवलं, हे विचारण्यात अर्थ नाही. अशा प्रश्नासाठी औषधाशिवायचा एक गट ठेवाच, चरबी कमी धरली तरी चालेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. लांबट पेशी गोलसर होऊ लागतात आणि केंद्रकाभोवती बारीक चमकदार ठिपके दिसतात, पहाटे ज्वारीच्या पात्यावर दव दिसावं तसे. आठ ते दहा दिवसांत त्यांचे मोठे थेंब होतात. हा क्षण मी कितीदा पाहिला तरी शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारून दाखवते.

पायरी सहावी: चरबी रंगवून मोजणं

ऑइल रेड ओ. १०० मिलीलिटर आयसोप्रोपॅनॉलमध्ये अर्धा ग्रॅम, हा साठा. वापरायच्या वेळी साठ्याचे ६ भाग, पाण्याचे ४ भाग, दहा मिनिटं थांबून गाळा आणि दोन तासांत संपवा, नाहीतर रंगाचे खडे बसतात आणि ते चरबीसारखेच दिसतात. पेशी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये पक्क्या करा, ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलने एकदा धुवा, १०-१५ मिनिटं रंगवा, पाणी निवळेपर्यंत धुवा, फोटो काढा. मग शुद्ध आयसोप्रोपॅनॉलने रंग सोडवून ५१० नॅनोमीटरवर मोजा. प्लेटमधली एक रिकामी, पेशी नसलेली विहीरही (खळगा) रंगवा. प्लास्टिकही थोडा रंग धरतं, तो वजा करायला.

पायरी सातवी: जनुक मोजणं

शून्य, एक, दोन, चार, सहा आणि आठ या दिवशी आरएनए काढा. पहिल्या २४ तासांत जमलं तर सहाव्या तासालाही एक नमुना घ्या, सी/ईबीपी-बीटासाठी. ऊतीतून किंवा चरबीने भरलेल्या पेशींतून काढताना ट्रायझॉलमध्ये मिसळल्यावर, क्लोरोफॉर्म घालण्याआधीच, एकदा थंड सेंट्रिफ्यूज करा आणि वर जमलेला चरबीचा थर टाकून द्या. तो राहिला तर आरएनए कमी येतो. शुद्धता सांगणारं २६०/२८० चं गुणोत्तर २.० च्या आसपास हवं. हा आरएनए मग डीएनएत उतरवून क्यूपीसीआर यंत्रावर मोजायचा.

प्रायमर (हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) स्वतः तपासा. एन्सेम्बल किंवा एनसीबीआय या जनुकांच्या संकेतस्थळांवर मेंढीचा संदर्भ जीनोम आहे. त्यातला अलीकडचा प्रामुख्याने रँबुले जातीच्या मेंढीवरून केलेला आहे. दख्खनी मेंढीत प्रायमर बसतो त्या जागी डीएनएचं एखादं अक्षर वेगळं असू शकतं, म्हणून उत्पादन एकदा सीक्वेन्सिंगला पाठवून खात्री करा. दोन एक्झॉनच्या (जनुकाच्या आरएनएत टिकणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर बसणारा प्रायमर, ८० ते २०० अक्षरांचं उत्पादन, ९० ते ११० टक्के कार्यक्षमता. पीपीएआर-गॅमाची दोन रूपं असतात, गॅमा-१ आणि गॅमा-२. दुसरं मुख्यतः चरबीतलं. दोन्हीचा सामाईक भाग मोजताय की फक्त गॅमा-२, ते ठरवून लिहा.

आता संदर्भ-जनुक, म्हणजे तुलनेसाठी धरलेलं, न बदलणारं जनुक, जिथं मी स्वतः एक अख्खा तक्ता रद्द केला. सगळे वापरतात म्हणून मी जीएपीडीएच घेतलं. चरबी-पेशीत इन्सुलिन दिलं की तेच बदलतं. आणि पेशी गोल होताना तिचा सांगाडाही बदलतो, म्हणून बीटा-ॲक्टिनही डळमळतं. ज्या वजनमापाने तोलायचं तेच दर दिवशी वेगळं. आधी चार-पाच उमेदवार जनुकं (रायबोसोमच्या प्रथिनांची, पीपीआयए) सगळ्या दिवसांच्या नमुन्यांवर चालवून पाहा आणि त्यातली दोन सगळ्यात स्थिर ती घ्या.

हिशोब २००१ मध्ये लिव्हाक आणि श्मिटगेन यांनी मांडलेल्या डेल्टा-डेल्टा सीटीच्या रीतीने. सीटी म्हणजे खूण दिसायला यंत्राला लागलेल्या फेऱ्या; आकडा लहान, तर जनुक जास्त. समजा शून्य दिवशी पीपीएआर-गॅमाचं सीटी २९.० आणि संदर्भाचं १९.०, फरक १०. चौथ्या दिवशी २५.५ आणि १९.२, फरक ६.३. दोन फरकांतला फरक उणे ३.७. २ चा ३.७ वा घात म्हणजे साधारण १३. जनुक सुमारे १३ पट वाढलं. आकडेशास्त्र करताना मात्र पटींवर नव्हे, सीटीच्या फरकांवर करा. आणि तीन विहिरी म्हणजे तीन नमुने नव्हेत. तीन वेगवेगळी मेंढरं म्हणजे तीन नमुने.

पायरी आठवी: जनुक दाबून पाहणं

जनुक वाढलं, चरबी वाढली, म्हणजे त्यानेच वाढवली असं होत नाही. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो. कारण सिद्ध करायचं तर ते जनुक दाबून बघावं लागतं. मेंढीच्याच क्रमावरून बनवलेला एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचा आरएनए नष्ट करणारा छोटा आरएनए) मागवा. माणसाचा उरलेला वापरून पाहण्याचा मोह आवरा. पेशी ६०-७० टक्के भरलेल्या असताना, उत्तेजनाच्या आधी, ५० नॅनोमोलरपासून सुरुवात. ४८ तासांनी आरएनए आणि ७२ तासांनी प्रथिन किती दबलं ते आधी तपासा. निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए घातलेला गट शेजारी हवा, कारण लिपिडच्या थेंबांत गुंडाळून आरएनए आत घालण्याच्या प्रक्रियेनेही पेशी बिथरतात. दोन वेगवेगळ्या एसआयआरएनएंनी तोच परिणाम आला, तरच लिहा.

कळपातली उदाहरणं: निकाल वाचताना मनात ठेवायची

प्लेटमधलं काम कळपाशी जोडायला मेंढीइतकं चांगलं जनावर नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमात डॉर्सेट जातीचा एक नर जन्मला, 'सॉलिड गोल्ड'. त्याचे मागचे पुठ्ठे विलक्षण भरीव आणि अंगावर चरबी कमी. पुढं कळलं की १८ व्या गुणसूत्रावर एका अक्षराचा बदल आहे, आणि तो ज्या जनुकांना हलवतो त्यात डीएलके-१ आहे, आपल्या दारातला तोच पहारेकरी. गंमत म्हणजे बदल बापाकडून आला आणि आईकडून साधी प्रत आली, तरच लक्षण दिसतं. दोन्हीकडून आला तर दिसत नाही. या बदलाला कॅलिपिज म्हणतात. मटण भरपूर, पण चिवट. म्हणून तो बाजारात फारसा चालला नाही.

दुसरं टेक्सेल जातीचं. २००६ मध्ये दिसलं की तिच्या मायोस्टॅटिन या, स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकात प्रथिन बनवणारा भाग शाबूत आहे, पण शेपटाकडच्या भागात एक अक्षर बदलल्यामुळे स्नायूतल्या सूक्ष्म आरएनएंना (मायआर-१ आणि मायआर-२०६) बसायला जागा तयार झाली. त्यांनी मायोस्टॅटिन दाबलं, स्नायू वाढला, चरबी घटली. सूक्ष्म आरएनए किती मोठं काम करतात हे विद्यार्थ्यांना सांगायला मी हेच उदाहरण घेते.

दुंब्यासारख्या चरबीच्या शेपटीच्या जातींत पीडीजीएफडी आणि बीएमपी-२ या जनुकांभोवतीचे भाग वारंवार पुढं येतात. आपली दख्खनी बारीक शेपटीची, मैलोन् मैल चालणारी, मुळात हडकुळी. परदेशी लेखातली 'चरबी कमी करणारी' जनुकं तिच्यात शोधून काय करायचं, हा प्रश्न स्वतःला विचारा. मला वाटतं, आपल्याकडचा खरा प्रश्न उलटा आहे. स्नायूच्या आतली चरबी थोडी वाढावी आणि दुष्काळातही पाठीवर थोडा साठा राहावा, तो कसा.

एकट्या जनुकाने कळप बदलतो का? प्रजननाच्या बाबतीत आपल्याच राज्यात घडलं आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोळे मेंढीतलं जुळ्यांचं फेक-बी जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. चरबी मात्र असंख्य जनुकांची आणि चाऱ्याची मिळून होते. 'चरबीचं जनुक तपासून देतो' म्हणत कुणी मेंढपाळाकडून पैसे मागत असेल, तर त्याला कितवा दिवस आणि कोणती जागा ते विचारा.

चाऱ्याचा हात जनुकावर किती लवकर पडतो तेही पाहा. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते, आणि गर्भात गुर्द्याभोवतीची चरबी मधल्या काळातच आकार घेऊ लागते. गाभण मेंढीला शेवटच्या टप्प्यात गरजेपेक्षा जास्त खायला दिलं, तर गर्भाच्या त्या चरबीत पीपीएआर-गॅमा वाढलेलं आढळलं आहे. मराठवाड्यात प्रश्न बहुधा जास्तीचा नसतो. मे महिन्यात नुसत्या वाळक्या कडब्यावर आणि तुरीच्या भुसकटावर असलेली गाभण मेंढी काय जनुकं पुढं पाठवते, हे दख्खनीवर बारकाईने करण्यासारखं काम आहे. पुढच्या विद्यार्थिनीला मी तेच सुचवलं आहे. परवा तिला चाचांकडे घेऊन गेले. तिने चरबी मागितली. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि विचारलं, "कोणती?"